ठिणगीची सरासरी

मी मोजमापाच्या धंद्यातला माणूस आहे. वेवजीत राहतो आणि सीमा ओलांडून गुजरातेतल्या एका कारखान्यात कामाला जातो. तिथे माझं काम म्हणजे इतरांची मोजणारी यंत्रं खरं सांगतात की नाही ते बघणं. प्रेशरचे गेज, तापमानाचे मीटर, वजनकाटे. या कामाचा एक नियम आहे, तो मी नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. एखादं यंत्र चुकीचं सापडलं तर ते नुसतं दुरुस्त करून भागत नाही. त्या यंत्राने आधी दिलेले आकडे परत मागवायचे. ज्याला ज्याला आकडा दिला, त्याला गाठून सांगायचं, की बाबा, तो आकडा धरू नकोस.

मी स्वतः हा नियम एकदा पाळला नाही. त्याबद्दल लिहायचं म्हणतोय.

माझा एक मित्र आहे. डहाणू रोडला स्टेशनपासून जवळच त्याचं दुकान. तेव्हा तिथे तो होड्यांवरची यंत्रं दुरुस्त करायचा. वायरलेस, जीपीएस, माशांचा थवा दाखवणारा फिशफाइंडर. डहाणू, चिंचणी, वाढवण इथल्या बोटवाल्यांचं सामान त्याच्याकडे यायचं, मिठाने खाल्लेलं, हिरवं पडलेलं. खाऱ्या पाण्याने कुजलेली सर्किटची पट्टी तो बोटाच्या टोकाने चाचपायचा आणि तुटलेला सांधा डोळ्यांआधी बोटाला सापडायचा. मी त्याला पहिल्यांदा भेटलो तो माझा एक जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची हालचाल पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, घेऊन. दुकानात मागे काळ्या कापडाखाली काहीतरी माणसाच्या छातीएवढं उंच उभं होतं. विचारलं तर म्हणाला, ‘वीज पाळलीये.’

ती टेस्ला कॉइल होती. पीव्हीसीच्या पाइपावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, वर हवा जाण्याच्या नळीचं चकचकीत कडं, खाली निऑन पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर. चालू केली की वरच्या कड्यातून जांभळ्या ठिणग्या हवेत फुटायच्या, मुळांसारख्या फाटे फुटलेल्या, आणि तडतडाट एवढा की शेजारचा शिंपी भिंतीवर थाप मारायचा. ती ठिणगी पकडायला मित्राने घरातला लांब दांड्याचा झारा आणला होता. झारा धरून पुढे व्हायचा आणि ठिणगी झाऱ्याच्या टोकावर येऊन बसायची. वहिनी म्हणायच्या की पुऱ्या तळायच्या तर आता मी काय हाताने काढू.

मित्राला मोठे आकडे आवडायचे. दुकानात आलेल्या माणसाला तो सांगायचा, ‘दहा-पंधरा लाख व्होल्ट आहेत, लांब उभे राहा.’ त्याचा हिशोब सोपा होता. हवेत एक सेंटीमीटर उडी मारायला तीस हजार व्होल्ट लागतात असं पुस्तकात असतं, ठिणगी हातभर लांब, गुणा. मी त्याला म्हटलं, हा नियम दोन गुळगुळीत गोळ्यांमधल्या एकाच उडीचा आहे. तुझी ठिणगी एका दमात हातभर जात नाही. पहिली थोडी जाते, हवा तापवून ठेवते, दुसरी त्याच वाटेने आणखी पुढे जाते. गवतातली पायवाट जशी पडते तशी.

‘मग मोज,’ तो म्हणाला.

मग आम्ही मोजायला लागलो. दर आठवड्याच्या सुट्टीला मी डहाणूला जायचो. जुन्या पाळण्याचे दोन पितळी गोळे मिळवले, ते समोरासमोर लावून किती अंतरावर उडी पडते ते बघितलं. बिस्किटांच्या डब्याचं झाकण कॉइलपासून लांब टांगलं आणि त्याची वायर स्कोपला जोडली. गोळ्यांवरून त्या झाकणाचं माप बसवलं, मग गोळे काढून टाकले. कॉइलला हात न लावता झाकणावर तिची सावली मोजायची, असा तो प्रकार. दमट हवेत ठिणगी लुळी पडायची, समुद्राचा वारा सुटला की आकडे हलायचे. पण शेवटी जो आकडा ठरला तो मित्राच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शालाही पोचत नव्हता.

तो खूप हसला. ‘मापाडी, तुझ्या काट्यावर माझी वीज पाव किलो पण भरत नाही रे.’ तेव्हापासून मी मापाडी झालो. बाजारात धान्य मापून देतो तो मापाडी. मला ते आवडलं होतं. कमी बोलणारा माणूस म्हणून मला सगळे ओळखतात. कमी आकडा सांगणारा म्हणूनही ओळखू लागले. मित्र वाढवून सांगायचा आणि मग लोक माझ्याकडे बघायचे, खरं किती ते ऐकायला. या बघण्याची मला चटक लागली होती, हे आता लिहिता येतं.

तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडे एका पाड्यावर शाळा आहे. तिथले गुरुजी होडीवरचं यंत्र नाही, शाळेचा बिघडलेला माइक घेऊन मित्राच्या दुकानात आले होते. त्यांनी कॉइल पाहिली आणि शाळेत दाखवायला बोलावलं. मित्र लगेच हो म्हणाला. कधी नव्हे ते त्याने मला विचारलं, ‘मी झारा धरतो तेव्हा माझ्यातून किती जातं ते पण मोज ना. तिकडे पोरं विचारतील.’

व्होल्ट मोजणं एक आणि प्रवाह मोजणं वेगळं. व्होल्ट म्हणजे पाणी किती उंचावर आहे ते. प्रवाह म्हणजे अंगावर किती आलं ते. इजा होते ती याने. मी फेराइटच्या काळ्या चुंबकी कडीवर तारेचे वेढे घेतले. झारा स्टुलाला बांधला, त्याला वायर जोडली, ती वायर कडीतून नेऊन जमिनीत सोडली. कडीतून जाणारा प्रवाह स्कोपवर दिसतो. मी स्कोप लावला आणि माझं बोट नेहमीसारखं एका बटणावर गेलं.

ते बटण सरासरीचं होतं. कारखान्यात जे सिग्नल मी मोजतो ते संथ असतात. त्यांच्यावर जी थोडी थरथर असते ती पुसायला स्कोपला सांगायचं, की पुष्कळ रेषा घे आणि त्यांची सरासरी दाखव. रेघ स्वच्छ येते. या सवयीला इतकी वर्षं झालीत की बटण दाबलं हे मला कळतही नाही. ठिणगी मात्र संथ नसते. प्रत्येक वेळी ती वेगळ्या क्षणी, वेगळ्या बाजूने फुटते. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. त्यांची सरासरी काढली की जवळपास काहीच उरत नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर दिवसभराच्या लाटांची सरासरी काढली तर समुद्र सपाट निघेल. त्याने लाट माणसाला पाडायची थांबत नाही.

पडद्यावर बारीकशी रेघ दिसली. मी आकडा वाचला, वीसेक मिलिअँपिअर. त्यातही इतक्या वेगाने उलटसुलट होणारा, नसांना जाणवणारसुद्धा नाही असा. मित्र खूश झाला. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या कपांचा ट्रे हातात धरून तिथेच थांबल्या.

‘भाऊजी, नक्की ना?’ त्यांनी मला विचारलं. ‘हा माणूस माझा झारा घेऊन त्या विजेत शिरणार आहे.’

‘नक्की,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी ती कडी कारखान्यात नेली. घरी बनवलेली वस्तू, एकदा तपासून घ्यावी म्हणून. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या स्कोपवर लावली. कडी बरोबर होती. पण पडद्याच्या कोपऱ्यात सरासरीची खूण दिसत होती, आणि तशीच खूण काल दुकानातही कोपऱ्यात होती, हे मला आठवलं. नुसतं आठवलं असं नाही; चहाचा वास आणि ती खूण, दोन्ही एकदम आठवलं. मी बटण परत दाबून सरासरी बंद केली. इथे ठिणगी नव्हती, त्यामुळे फरक दिसण्यासारखं काही नव्हतं. पण मला कळलं होतं. मी फोन हातात घेतला.

फोन केला नाही. कारण विचाराल तर नीट देता येत नाही. त्याआधी तो कितीदा झारा धरून उभा राहिला होता आणि काही झालं नव्हतं, हे एक. शाळेत गेल्यावर परत मोजू, हे एक. पण खरं म्हणजे ‘नक्की’ हा शब्द मी दिला होता आणि तो परत मागायला मला जड गेलं. रोज दुसऱ्यांना आकडे परत मागायला लावणारा तो मीच. सुट्टी संपली, मी डबा धुतला आणि कामाला लागलो.

शाळेत मित्र माझ्याआधी पोचला होता आणि हॉलच्या मागे खड्डा खणत होता. कॉइलला अर्थिंग लागतं, म्हणजे वीज जमिनीत उतरायला वाट लागते. डहाणूला जमीन खारी, ओली. पाइप ठोकला की काम झालं. इथे मुरूम. म्हणून तो पहाटे निघून आला होता. कमरेइतका खड्डा, त्यात लोखंडी पाइप, भोवती एक थर मीठ, एक थर कोळसा, परत मीठ, वर पाणी. पाड्यावरच्या बायका विहिरीवरून येताना त्याला एकेक कळशी ओतून जात होत्या आणि झाड लावलंय काय, असं विचारून हसत होत्या. तो अंगभर काळा झाला होता. ‘बघ मापाडी,’ म्हणाला, ‘आपलं अर्थिंग बघ. आख्ख्या तालुक्यात असं नाही.’

माझा स्कोप गाडीत होता. मी तो खाली काढला नाही. हॉलच्या खिडक्यांवर ताडपत्री लावायची होती, जनरेटर सुरू होत नव्हता, गुरुजींची धावपळ. वेळ नव्हता असं म्हणता येईल. वेळ होता.

दुकानातल्यापेक्षा तिथे हवा कोरडी होती, ठिणग्या लांब गेल्या. मुलं आधी ओरडली, मग गप्प झाली. मित्र झारा धरून पुढे झाला. मुलांना आवडतंय म्हटल्यावर बराच वेळ धरून राहिला, परत धरला, परत. तो हसत होता. मी दारापाशी उभा होतो. त्याला काहीही जाणवत नव्हतं, आणि हीच त्या विजेची गोम आहे. नसांना ती कळत नाही, पण आतलं मांस ती भाजते.

दोन-तीन दिवसांनी तो माझ्याकडे वेवजीला आला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं पांढरट पडली होती. टाचणी टोचून दाखवली, ती त्याला कळत नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, मग वापीला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं की नसा आतून जळल्या आहेत, थोड्या परत येतील, येणार नाहीत असंही होईल. आल्या नाहीत. पण त्या दिवशी वेवजीला तो ओट्यावर बसून मला विचारत होता, असं कसं झालं, वीसच मिलिअँपिअर तर होते.

मी म्हणालो, ‘अर्थिंग कमी पडलं असेल. मुरूम आहे तिकडे.’

त्याने बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, ‘मीठ कमी झालं बहुतेक. मला वाटलंच होतं, अजून एक गोण पाहिजे होती.’

एवढंच. यानंतर मला काही करावं लागलं नाही. पुढचं सगळं त्यानेच केलं. कोणी हाताचं विचारलं की तो सांगायचा, माझ्याच हाताने केलेल्या खड्ड्यात चूक झाली. सोल्डरचे बारीक डाग देऊन तारा जोडण्याचं काम त्याला जमेना. बोटाला सांधा सापडेना, सोल्डरच्या इस्त्रीने चटका बसला तरी वास आल्यावर कळायचं. बोटवाले हळूहळू दुसरीकडे गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन टांगलेले असतात. मी सुट्टीला जात राहिलो. चहा प्यायचो. आम्ही कॉइलवरचं कापड काढत नव्हतो. मला वाईट वाटायचं का, तर सुरुवातीला वाटायचं. मग त्या जागी काही वाटेनासं झालं. त्याच्या बोटांचं काय होत असेल याचा मला थोडा अंदाज आहे, एवढं म्हणेन.

यंदा थंडी सरता सरता त्याचा फोन आला. त्याच शाळेतून परत बोलावणं आलं होतं. गुरुजी बदलले होते, पण मोठ्या झालेल्या मुलांनी नव्या गुरुजींना सांगितलं होतं. मित्राचा आवाज कितीतरी दिवसांनी मोठा वाटला. नवा खड्डा खणणार होता, जुन्याच्या दीडपट, तांब्याची पट्टी घालून, मीठ भरपूर.

‘या वेळी डाव्या हाताने धरतो,’ तो म्हणाला. ‘खड्डा चोख असला की काय होतंय. आकडा तर तुझा आहेच.’

मी येतो म्हणालो.

आदल्या दिवशी दुपारी पोचलो. हॉलच्या मागे तो नव्या खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. उजव्या हातात फावडं नीट धरता येत नाही, म्हणून मजूर लावला होता; मजूर जेवायला गेला होता. कॉइल आत मांडून झाली होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. कसं सांगायचं हे वाटेत ठरवलं होतं, ते काही आठवलं नाही. आकडा चुकीचा होता, सरासरीचं बटण दाबलेलं राहिलं होतं, असं सांगितलं.

त्याने हातावरची माती झटकली. मग उठला. ‘दाखव,’ म्हणाला.

या वेळी स्कोप गाडीतून काढला. झारा स्टुलाला बांधला, वायर कडीतून नेली, जुन्या पाइपालाच जोडली, कारण नवा अजून बसला नव्हता. कॉइल सुरू केली. सरासरीवर तीच बारीक रेघ आली. मग मी सरासरी बंद केली आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरून गेला. पडद्यात मावेना म्हणून माप मोठं करावं लागलं, परत मोठं करावं लागलं. शिखरं दोन अँपिअरच्या वर जात होती, मी सांगितलेल्या आकड्याच्या शंभरपट. मित्राने मला बाजूला सारलं आणि डाव्या हाताने स्वतः बटण दाबलं. रेघ आली. परत दाबलं. पडदा भरला. असं तो करत राहिला, जनरेटरवाला डिझेल संपत आल्याचं ओरडेपर्यंत.

कॉइल बंद केल्यावर कानांत तडतड राहिली होती.

‘कधी कळलं तुला?’ त्याने विचारलं.

‘कार्यक्रमाच्या आधी.’

‘आधी.’

‘हो.’

तो बाकावर बसला. मुलांचा बाक, त्याचे गुडघे वर आले होते. मला वाटलं तो मला जायला सांगेल. जायची माझी तयारी होती.

‘आणि खड्डा?’ तो म्हणाला.

‘खड्ड्यात काही चूक नव्हती. चांगलं अर्थिंग होतं. खड्ड्याचं मी बनवून सांगितलं.’

‘म्हणजे माझा खड्डा बरोबर होता.’

मी हो म्हणालो. तो परत तेच म्हणाला, मला नाही, कोणालाच नाही. मग खिशातून फोन काढून वहिनींना लावला. मला वाटलं सगळं सांगेल. त्याने एवढंच सांगितलं, ‘अगं, तो खड्डा बरोबर होता. पहिला. हा सांगतोय.’ आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, ‘वहिनी, ते नक्की नव्हतं.’

‘कुठलं?’

‘तेव्हा दुकानात तुम्ही विचारलं होतं, नक्की ना म्हणून. ते नक्की नव्हतं. आणि ते मला वेळेत कळलं होतं. मी बोललो नाही.’

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग वहिनींनी विचारलं, ‘आता तो झारा कोणाच्या हातात आहे?’

‘कोणाच्याच नाही. स्टुलाला बांधलाय.’

‘राहू दे तसाच,’ त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी बाहेर आलो तेव्हा मित्र जुन्या खड्ड्यापाशी गेला होता. इतक्या वर्षांत खड्डा भरून जमीन सपाट झाली होती, पण पाइपाचं टोक वीतभर वर होतं आणि त्याच्या भोवती गवत उगवलं नव्हतं, मिठामुळे. त्याने पायाने पाला बाजूला केला. खाली बसला आणि पाइपावर हात ठेवला, उजवा. दुपारभर उन्हात उभा असलेला लोखंडी पाइप तो. त्याने हात तसाच ठेवला.

मी म्हणालो, ‘तापलाय तो. हात काढ.’

‘असेल,’ तो म्हणाला.